एकतिसाव्या रांगेतली आठ नंबरची जागा

मी, खाली सही करणार डॅरिन एमिल कुचेरा, वय बावीस, मूळ राहणार बेलफोर्ड, नेब्रास्का, सध्या मुक्काम 'इंगा मरी' ही खेकड्याची बोट, डच हार्बर, अलास्का, आज रविवार दिनांक १३ ऑक्टोबर २०१९ रोजी हा कागद स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. मी प्यायलेलो नाही. मला कोणी धमकावलेलं नाही. कप्तान स्टाइनार हॅगेन यांनी "कागद लिहिल्याशिवाय डेकवर पाय ठेवायचा नाही" असं बजावलं आहे, पण ती धमकी धरू नये, ते सगळ्यांनाच तसं बजावतात. माझं डोकं ठिकाणावर आहे. सप्टेंबर ते नोव्हेंबर दर शनिवारी ते नसतं, पण आज रविवार आहे.

याआधी मी कुठलंही मृत्युपत्र केलेलं नाही. शाळेत निबंधही कधी पुरा केला नाही. आमचे आजोबा एमिल कुचेरा यांचं मृत्युपत्र मी एकदा ऐकलं होतं, तीच चाल धरून लिहितो. त्यात शेताला अर्धं पान होतं आणि स्टेडियममधल्या दोन जागांना दीड पान. माझ्याकडे शेत नाही.

कलम पहिले. माझी पिकअप गाडी बाबांच्या कोठाराच्या मागे उभी आहे. ती माझी बहीण जोलीन हिला द्यावी. शेजारच्या सीटचं दार आतून उघडत नाही, काच खाली करून बाहेरून उघडावं लागतं. जोलीनला हे माहीत आहे. तिच्या नवऱ्याला सांगितलेलं नाही आणि कोणी सांगूही नये.

कलम दुसरे. बँकेत जे काही निघेल तेही जोलीनचं. फार निघणार नाही.

कलम तिसरे. बोटीवरचं माझं सामान. नारिंगी रेनकोट आणि गमबूट ज्याच्या मापाचे असतील त्याने घ्यावेत, माझ्या मापाचा बोटीवर कोणी नाही, सगळे उंच आहेत. सुरी कप्तानांना. कानात घालायची रेडिओची बोंडं आमचे आचारी मॅनी अबायान यांना. त्यांनी तीन हंगाम माझ्या शनिवारांचा त्रास सोसला. "तुझा संघ हरला की माझे कप फुटतात," असं ते म्हणतात. हिशेबाने सात कप फुटले, ते मान्य. मॅनीला खेळ, म्हणजे आमचा अमेरिकन फुटबॉल, कळत नाही. "सगळे वाकून उभे राहतात, मग पडतात, मग मीटिंग भरते. खेळतात कधी?" असं त्याने मला विचारलं होतं. आमच्या बेलफोर्ड कॉलेजच्या संघाला कोच हॅम्रिक आल्यापासून मलाही हाच प्रश्न आहे.

कलम चौथे. जागा.

बेलफोर्ड कॉलेजच्या स्टेडियममध्ये विभाग चौदा, रांग एकतीस, जागा सात आणि आठ. बाक पत्र्याचा आहे, नंबर रंगवलेला आहे. स्टेडियम बांधलं त्या वर्षी आजोबांनी या जागा घेतल्या आणि तेव्हापासून दर शरदात त्या आमच्याच. बेलफोर्डात लोक लेकीसुनांना शेत वाटून देतात आणि जागांवरून कोर्टात जातात. आजोबांनी भांडण ठेवलं नाही. सात नंबर बाबांना, आठ नंबर मला, माझं पूर्ण नाव घालून, मी सतरा वर्षांचा असताना लिहून दिली. जोलीन दोन दिवस रडली. मला अजून बरं वाटतं.

जागेबरोबर आजोबांचे कायदे येतात. शेवटची शिट्टी होईपर्यंत उठायचं नाही, गारा पडल्या तरी. शेंगदाण्याची टरफलं खिशात. आणि हरलो तर लूप नदीचा पूल येईपर्यंत कोणी एक शब्द बोलायचा नाही. स्टेडियमपासून पुलापर्यंत अकरा मैल आहेत. गाडीत फक्त वायपरचा आवाज. पुलाचं पलीकडचं टोक ओलांडलं की ज्याला ज्याच्या नावाने शिव्या द्यायच्या त्याने द्याव्यात, घर येईपर्यंत, बायकापोरांसमोर सुद्धा. आजोबा म्हणायचे, पुलाअलीकडे तोंड उघडणारा माणूस असं काही बोलतो की ते परत घेता येत नाही.

मी इकडे आलो तेव्हा बाबा म्हणाले होते, "तू जा. जागा रिकामी ठेवतो." दोन वर्षं ठेवली. आठ नंबरवर ते आपला थर्मास ठेवत.

काल घरच्या मैदानावर सामना होता. जोलीनने फोनवर फोटो पाठवला. सात नंबरवर बाबा. आठ नंबरवर शाळेत माझ्या संघात असलेला कीगन व्हॉस, उजवा हात गळ्यात बांधलेला, अंगावर आजोबांची पावसाळी कांबळ. थर्मास बाबांच्या पायाशी. दोघं हसतायत. एकतीस-तीनने मागे असताना हसतायत.

सबब मी असं लिहून ठेवतो की माझ्या पश्चात आठ नंबरची जागा कोणालाही देऊ नये. तिच्यावर एक बादली काँक्रीट ओतावं आणि वर माझं नाव कोरावं. कॉलेजचा खर्च माझ्या बँकेतून.

(हे कलम रद्द केलं आहे. पुढे पाहावे. खोडत नाही, कारण लिहिताना मी तेच म्हणत होतो. डॅ. ए. कु.)

कलम पाचवे. रुमाल.

बाबांच्या घरी माझ्या खोलीत, दाराच्या मागे खिळ्याला, एक पांढरा रुमाल आहे. आता पांढरा राहिलेला नाही. हा कागद वाचणारे न्यायाधीश अलास्काचे असतील तर सांगतो. मधला गडी वाकतो आणि चेंडू आपल्या दोन पायांमधून मागे देतो. मागे क्वार्टरबॅक उभा असतो. त्याने ठरवायचं, चेंडू पळणाऱ्याच्या पोटात द्यायचा की लांब फेकायचा. पोरी त्याच्याकडे बघतात. मधल्या गड्याकडे कोणी बघत नाही, आणि बघावं अशा बाजूने तो कोणाला दिसतही नाही.

बेलफोर्ड हायस्कूलचा मधला गडी मी होतो. क्वार्टरबॅक कीगन व्हॉस. चार वर्षं, चाळीस सामने. त्या चाळीस सामन्यांत माझ्या हातून निघालेला चेंडू त्याच्या हातात पोचला नाही असं दोनदा झालं, आणि त्यातल्या एकदा बर्फ होता.

कीगनच्या हाताला घाम फार. तो रुमाल मी मागे कमरेला खोचायचो, तो त्यावर बोटं पुसायचा आणि मग मी चेंडू द्यायचो. दुसऱ्या वर्षी माझ्या लक्षात आलं की चेंडू लांब फेकायचा असेल तरच हा बोटं पुसतो. पळणाऱ्याला द्यायचा असेल तर पुसत नाही. म्हणजे याने पुसलं की समोरच्यांना कळलं. त्याला स्वतःला हे ठाऊकच नव्हतं. मी वाकल्या वाकल्या म्हणायचो, "पूस." दर वेळी. देणार असलास तरी पूस, फेकणार असलास तरी पूस. "पूस, मठ्ठ्या." तीन वर्षं मी हे म्हणत होतो आणि लोक वर्तमानपत्रात वाचत होते की व्हॉसच्या पोराचा खेळ ओळखताच येत नाही.

बाबांनी कोठारात टायर टांगलं होतं. माझ्यासाठी टांगलं होतं. मी आठवडाभर चेंडू फेकला, टायरला लागलासुद्धा नाही. मग कीगन आला आणि पहिलाच चेंडू आरपार गेला. तेव्हा बाबांनी जी शिटी मारली ती मला अजून ऐकू येते. त्यानंतर दर रविवारी कीगन आमच्याकडे जेवायला. एका उन्हाळ्यात तो चार इंच वाढला. मी तेव्हा थांबलो होतो. तो कॉलेजात गेला, मी शाळेच्या शेवटच्या वर्षीच जानेवारीत दप्तर ठेवलं. आधी प्रोपेनची गाडी चालवली, मग छपरं घातली, मग इथे. एका जागी बसणं मला जमत नाही. जी एक जागा जमत होती ती वर लिहिली आहे.

तर हा रुमाल बेलफोर्ड कॉलेजच्या सध्याच्या मधल्या गड्याला द्यावा. तो ओहायोचा आहे. नाव मला माहीत नाही, म्हणजे माहीत करून घेतलेलं नाही. सहा फूट चार इंच आहे. हंगामाच्या पहिल्या सामन्यात त्याने दिलेला चेंडू कीगनच्या डोक्यावरून बारा गज मागे गेला आणि त्यावर आम्ही हरलो. त्या दिवशी मी जाळ्यांच्या कोठीत नाचलो. माझा संघ हरला आणि मी नाचलो. मॅनी साक्षीदार आहे, एक कप त्याच दिवशी फुटला, आनंदाने.

रुमाल धुवू नये.

कलम सहावे. कोच लायल हॅम्रिक यांना मी काहीही ठेवत नाही, खालील गोष्टी सोडून.

पहिली गोष्ट. तुम्ही कीगनला कॉलेजात घ्यायला आलात तेव्हा मीही व्हॉसकाकूंच्या स्वयंपाकघरात बसलो होतो. तुम्ही माझ्याकडे बघून विचारलंत, "आणि हा कोण, धाकटा भाऊ?" काकू म्हणाल्या, "हा डॅरिन, मधला गडी." तुम्ही मला उभं राहायला सांगितलंत. मी उभा राहिलो. तुम्ही म्हणालात, "हं. उभा राहा की." व्हॉसकाकू सुद्धा हसल्या. तुमचा तो विनोद तुम्हाला परत. साडेतीन वर्षं सांभाळला.

दुसरी गोष्ट. जिंकायला एक गज हवा आहे, एक हात लांबला तरी पुरे, चेंडू घेऊन गड्यांच्या पाठीवर पडायचं. तिथे तुम्ही क्वार्टरबॅकला पाच पावलं मागे उभं करता आणि हवेत फेकायला लावता. एकदा नाही, या हंगामात चारदा. विचारलं की म्हणता, "आम्ही आमचाच खेळ खेळतो." खेळा ना. पण तो तुमचाच आहे हे समोरच्यांना पाठ झालंय, त्याचं काय? तोंडासमोर तो प्लास्टिकचा तक्ता धरून कुजबुजता, ओठ कोणी वाचू नयेत म्हणून. ओठ कशाला वाचतील? घड्याळ वाचलं तरी तुमचा पुढचा डाव कळतो. आणि जखमी पोरांना मैदानाच्या रेषेजवळ उभं राहू देत नाही, "जो खेळत नाही तो गर्दीत" म्हणता, म्हणून तर ती पोरं वर लोकांच्या जागा बळकावतात.

कलम सातवे. हे कलम मी मेल्यावर बाबांनी कीगनला वाचून दाखवावं. मी जिवंत असेपर्यंत कोणी वाचू नये. म्हणूनच मृत्युपत्रात लिहितो आहे. मेलेल्या माणसावर ओरडता येत नाही.

बेलफोर्डात गुरुवारी संध्याकाळी पिझ्झाच्या दुकानात कोच माइक घेऊन बसतो, रेडिओवर ते ऐकवतात आणि लोक फोन करून प्रश्न विचारतात. २६ सप्टेंबरचा गुरुवार. आमच्याकडे दुपारचे चार. मी आमिषाच्या पिशव्या शिवत होतो, फोन उपड्या बादलीवर. पाहुणा म्हणून कीगन आला होता. कोच म्हणाला, "आमचा मधला गडी असा आहे की कीगनला आयुष्यात पहिल्यांदा धड चेंडू मिळतोय. काय रे?" आणि कीगन म्हणाला, "हो कोच. पहिल्यांदाच निर्धास्त वाटतंय."

पहिल्यांदाच.

माझ्या हातातली सुई बोटात गेली. मी फोन लावला. नाव सांगितलं ड्वेन, धंदा ट्रक. नाक दाबून बोललो.

"बोला ड्वेन, कोच ऐकतायत."

"कोच, तुमचा तो ओहायोवाला कमरेला रुमाल का खोचत नाही?"

"रुमाल?" कोच हसला. "ड्वेनभाऊ, आम्ही फुटबॉल खेळतो, भांडी नाही घासत."

पिझ्झाचं अख्खं दुकान हसलं. कीगनही हसला. त्याचं हसू नाकातून येतं, मी कुठेही ओळखेन.

मग मी म्हणालो, "अहो, तुमचा क्वार्टरबॅक चेंडू फेकायचा असला की उजव्या मांडीवर बोटं पुसतो. द्यायचा असला की पुसत नाही. कोठारातल्या मांजरालाही कळेल. एवढ्या पगाराचा माणूस आणि चार वर्षांत दिसलं नाही तुम्हाला?"

 निवेदक म्हणाला, "धन्यवाद ड्वेन. सांभाळून चालवा."

मला वाटलं, कोचला शिकवलं. मला वाटलं, आता कीगनच्या लक्षात येईल की त्याच्यामागे, म्हणजे पुढे, कोण होतं. रेडिओ सगळेच ऐकतात, मॅरियन स्टेटचे लोकही ऐकतात, शनिवारी सामना त्यांच्याशीच आहे, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. बेलफोर्डचा कोणीही माणूस असाच फसला असता. आम्ही कोचला शिव्या देताना फक्त कोचकडे बघतो.

कोचने ड्वेनचं मनावर घेतलं नाही. मॅरियनवाल्यांनी घेतलं. कीगनची बोटं मांडीला लागली की त्यांचे पाच जण त्याच्या अंगावर सुटायचे. रेडिओवरचा माणूस ओरडत होता, "यांना आधीच कळतंय की काय!" नऊ वेळा त्याला लोळवला.

इथे मला लिहायचं आहे की मला वाईट वाटलं. पण मॅनी म्हणतो मृत्युपत्रात खोटं लिहिलं तर ते बाद होतं. पहिल्या चार वेळा मला बरं वाटलं. प्रत्येक वेळी मनात म्हणालो, कसं वाटतंय निर्धास्त? पाचव्यांदा मी "पूस!" असं मोठ्याने ओरडलो. सहाव्यांदाही ओरडलो. मॅनी धावत आला, त्याला वाटलं काही सांडलं. मी बोटीवरून ओरडत होतो, पूस, दर वेळी पूस, आणि तीन हजार मैलांवर तो एकदा पुसत होता, एकदा पुसत नव्हता. दहाव्यांदा उजव्या गळपट्टीचं हाड मोडलं. ज्या हाताने तो फेकतो त्याच बाजूचं.

त्याचा हंगाम संपला. कॉलेजातलं पुढचं वर्ष त्याचं शेवटचं. हात पुन्हा तसा चालेल की नाही, कोणी सांगत नाही.

मला त्याचा हेवा वाटतो, कीगनचा. आजही. हाड मोडलेल्या कीगनचासुद्धा. कांबळ त्याच्या अंगावर आहे.

इथपर्यंत लिहून मी पेन खाली ठेवलं. मॅनीने कागद वाचला, त्याला वाचायला दिला होता, साक्षीदार व्हायचं आहे म्हणून. तो म्हणाला, "म्हणजे तू मेलास तरच त्या पोराला कळणार?"

"हो."

"आणि बुडाला नाहीस तर?"

"तर नाही."

"मग आम्ही सगळ्यांनी त्याच्या दृष्टीने प्रार्थना काय करायची?" असं म्हणून तो कांदे चिरायला गेला.

मी घरी फोन लावला. आमची दुपारची एक, बेलफोर्डात चार. रविवारी चारला आमच्याकडे चिली, म्हणजे खिमा-राजम्याचा रस्सा, आणि दालचिनीचा रोल.

बाबा म्हणाले, "काय रे पोरा, निघाली का बोट?"

"उद्या. बाबा, मी मृत्युपत्र लिहितोय."

"बरं. गाडी जोलीनला दे."

"दिली."

"आणि जागा?"

मी कलम चौथ्यावर हात ठेवला. बाबांनी घसा खाकरला.

"डॅरिन, तो ड्वेन हल्ली कुठला माल वाहतो रे?"

बोटीवर जनरेटर चालू असतो, तरी मला काही ऐकू येईनासं झालं. मी विचारलं, "कधी कळलं तुम्हाला?"

"'रुमाल' म्हणालास तेव्हाच. नाक दाबलंस म्हणून काय झालं? शाळेत माझ्या नावाने फोन करून सुट्टी मागायचास तेव्हाही नाकच दाबायचास. मास्तर मला फोन करून विचारायचे, तुमची सर्दी बरी झाली का."

"मग दोन आठवडे बोलला का नाहीत?"

"हरल्यावर पुलाअलीकडे मी कधी बोललोय?"

"आणि त्याला माझ्या जागेवर बसवलंत ते?"

"तुझ्यामुळे तो वर बसला. मग तुझ्या जागेवर नाही तर कोणाच्या जागेवर बसवू?" मग म्हणाले, "तो इथेच आहे. डाव्या हाताने चिली खातोय, टेबलभर सांडलीय. त्याला माहीत नाही. मी सांगणार नाही, ते माझं काम नाही. देऊ फोन?"

मी कलम सातवे समोर धरलं होतं. वाटलं, वाचून दाखवू. म्हणालो, "द्या."

"डॅर? मेला नाहीस अजून? खेकडे काय म्हणतायत?"

"कीग, ड्वेन मीच."

त्याचं चावणं थांबलं. मी म्हणालो, "रेडिओवरचा ड्वेन. मीच सांगितलं ते. तू 'पहिल्यांदाच' म्हणालास म्हणून." आणखीही बोललो, काय ते आठवत नाही. पलीकडून चमचा ठेवल्याचा आवाज. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज. मग बाबा.

"गेला. कांबळ खुर्चीवर ठेवून गेला. चिली अर्धी टाकली."

"काही बोलला?"

"नाही."

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला काय वाटायचंय?" बाबा म्हणाले. "पूल यायचाय अजून."

कलम आठवे. वरील कलम चौथ्यातलं काँक्रीट रद्द. आठ नंबरची जागा माझ्या पश्चात कीगन रॉय व्हॉस याला मिळावी. त्याला ती नको असेल, बहुतेक नकोच असेल. पण मृत्युपत्राने आलेली जागा नाकारायची तर कॉलेजच्या तिकीट कचेरीत जाऊन तीन पानी फॉर्म भरावा लागतो, आणि कीगनने आजवर एकही फॉर्म स्वतः भरलेला नाही, शाळेत त्याचेही मीच भरायचो. म्हणून ती त्याचीच. आजोबांचे सगळे कायदे त्याला लागू. त्याने थर्मास बाकावर ठेवू द्यावा. बाबा शिटी मारतात तेव्हा त्याने वळून बघू नये, ती शिटी टायरच्या वेळची आहे, मला माहीत आहे.

मी जिवंत असेपर्यंत जागा माझी. मी आलो की त्याने पायऱ्यांवर बसावं.

कलम नववे. माझं काही सापडलं तर बेलफोर्डात आणावं. नाही सापडलं तर रेनकोट आणावा. स्टेडियमवरून न्यावं, पूल ओलांडून, आजोबांच्या शेजारी. पुलापर्यंत कोणी काही बोलू नये. पुलानंतर कोणी गप्प राहू नये.

पुरवणी, सोमवार १४ ऑक्टोबर, सकाळी. कागदावर सह्या व्हायच्या आधी लिहीत आहे, तरी ही मूळ कागदाचाच भाग समजावी. बोट दुपारी सुटते. बरोबर नऊ वाजता, म्हणजे बेलफोर्डात बारा, कीगनचा फोन आला. गाडीचा आवाज येत होता. एका हाताने चालवत असावा, चालवू नये असं डॉक्टरांनी सांगितलं आहे. मी "कीग" म्हणायच्या आत त्याने सुरुवात केली. माझ्या उंचीपासून केली. मग माझं तोंड, माझं नाक, ड्वेन, ड्वेनचा ट्रक, मी शाळेत त्याच्या नावाने भरलेले फॉर्म, ज्यांत त्याचं नाव मी दोनदा चुकवलं होतं. मॅनी आणि कप्तान चहा घेत होते, फोनमधून सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. मॅनीने घड्याळ लावलं. साडेचार मिनिटं. कप्तान म्हणाले, इतकं सलग त्यांनी वादळातही ऐकलेलं नाही.

मी विचारलं, "कुठे आहेस?"

तो म्हणाला, "कुठे असणार, बैला? पुलाच्या पलीकडे."

मग त्याने विचारलं, रुमाल कुठे आहे. मी सांगितलं, दाराच्या मागे, पण तो ओहायोवाल्याला दिलाय, कलम पाचवे. तो म्हणाला, त्या ओहायोवाल्याला नाव आहे, रसेल, आणि तो तुझ्यापेक्षा बरा चेंडू देतो. आणि फोन ठेवला.

रसेल हे नाव कलम पाचव्यात लागू समजावे. तो माझ्यापेक्षा बरा चेंडू देतो हे मला मान्य नाही, आणि ते मान्य नाही हे इथे नमूद करून ठेवतो.

हा कागद मी वाचला, मॅनीने मला परत वाचून दाखवला, माझंच लिहिणं आहे अशी माझी खात्री पटली. सबब सही केली.

ठिकाण: डच हार्बर, अलास्का, 'इंगा मरी' बोटीचं स्वयंपाकघर
दिनांक: १४ ऑक्टोबर २०१९

(सही) डॅरिन एमिल कुचेरा

साक्षीदार:

१. (सही) स्टाइनार हॅगेन, कप्तान. पोरगा शुद्धीवर होता.

२. (सही) मॅन्युएल अबायान, आचारी. सही माझ्यासमोर झाली. शिव्याही माझ्यासमोर झाल्या, आणि त्या ऐकताना मृत्युपत्र करणारा हसत होता. खेळ मला अजून कळलेला नाही.